बेथलेहेम ब्रास बँड

तिसगावच्या बाजारात बँडवाल्यांच्या पाट्या वाचत गेलं की पंचक्रोशीतले सगळे देव भेटून जायचे. कुणी भैरवनाथ, कुणी रेणुकामाता, कुणी जुन्याच देवामागं ‘न्यू’ लावलेला. त्यांत सूर्यभान मास्तरांची पाटी वेगळी होती. बेथलेहेम ब्रास बँड. नाव मास्तरांच्या वडलांनी ठेवलेलं. ते मिशनच्या शाळेत शिपाई होते. नाताळच्या पहाटे वस्तीवरून गाणी म्हणत फिरायची चाल होती, तिच्यासाठी त्यांनी चार वाजवणारे जमवले आणि नाताळचं काम म्हणून नाताळच्या गावाचं नाव दिलं. पुढं लग्नाची, जत्रेची, गणपतीची कामं आली, तरी नाव तेच राहिलं.

लोकांना ते धड म्हणता येत नसे. कुणी ‘बेतलेम’ म्हणायचं, कुणी ‘बेतलवाले’. एका लग्नात माईकवाल्यानं ‘बेलभंडार बँड’ म्हणून पुकारलं, तेव्हा मास्तरांनी हातातलं कॉर्नेट, ती आखूड पितळी तुतारी, वर करून हसत सलाम केला होता.

मास्तर साठीच्या पुढचे. अंगानं वाळलेले, पण छाती अजून भरदार. त्यांचं कॉर्नेट सगळ्या तालुक्यात ओळखीचं होतं. ऑर्डरी घेणं, टेम्पो चालवणं आणि मास्तरांच्या शेजारी उभं राहून दुसरं कॉर्नेट धरणं ही कामं त्यांचा मुलगा बिभीषण करायचा. ढोलावर राम असायचा. तो शेजारच्या आळीतला, बिभीषणाच्या बरोबरीचा, मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला. बँडातली निम्मी माणसं चर्चला जाणारी होती, निम्मी मारुतीला. त्यावरून बँडात कधी शब्द निघाला नव्हता.

शब्द बाहेर निघू लागला. गेल्या दोन-तीन वर्षांत ऑर्डर द्यायला आलेली माणसं पाटीकडं बघून थांबायची. एकानं विचारलं, लग्नापुरती ढोलावरच्या नावावर चादर टाकाल का. दुसरा काही न बोलता शेजारच्या दुकानात गेला. बिभीषण हे घरी सांगायचा. मास्तर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे की बापानं ठेवलेलं नाव हाय, गिऱ्हाइकानं न्हाई.

तुळशीचं लग्न झालं, लग्नाच्या तिथी सुरू झाल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला पाथर्डीकडच्या एका गावात लग्न होतं. दुपारचं ऊन, नवरदेव घोड्यावर, परण्या म्हणजे त्याची मिरवणूक मारुतीच्या देवळाकडं निघालेली. पुढं नाचणाऱ्या पोरांना एकच गाणं पुन्हा पुन्हा हवं होतं. मास्तरांना दम लागला. त्यांनी कॉर्नेट खाली घेऊन हातानं खूण केली, जरा थांबा. त्या थांबण्यात एका पोराची नजर ढोलावर गेली. तो प्यालेला होता. त्यानं बोट फिरवत एक एक अक्षर वाचलं आणि विचारलं की हे काय लिहिलंय. मागून कुणी तरी सांगितलं, चर्चवाले आहेत.

“मारुतीम्होरं ह्यांचा बँड कुनी आनला?” तो म्हणाला.

राम म्हणाला की या गावात आम्ही तुझ्या बापाच्या लग्नाला पण वाजवलंय. ते खरंच होतं, पण तेव्हा बोलायला नको होतं. पोरानं ढोलावर थाप मारली, मग लाथ. गर्दी दाटली. मास्तरांना वाटलं असावं, त्याला हवं ते गाणं सुरू केलं की तो नाचायला लागेल. त्यांनी कॉर्नेट ओठांना लावलं आणि पहिला सूर काढला. पोरानं वळून तळहातानं कॉर्नेटच्या तोंडावर दणका दिला.

पितळेची मुखनळी आत आदळली. मास्तर रस्त्यात बसले. वरचे पुढचे दात गेले होते, ओठ नाकापर्यंत फाटला होता. घोडा बिथरला, बायका मागं सरल्या. थोड्या वेळानं कुणी तरी गाडीवरचा स्पीकर लावला आणि परण्या पुढं गेला.

नवरदेवाचा चुलता माणूस वाईट नव्हता. त्यानंच जीप काढली, मास्तरांना आधी पाथर्डीला आणि तिथून नगरला नेलं. आत टाके घालणं चाललं होतं तेव्हा तो व्हरांड्यात बिभीषणाजवळ बसला. पोरगं भावकीतलं आहे, त्याच्या आईला दुसरं कुणी नाही, पोलीस आले तर हळद लागलेल्या पोरीचं लग्न नासेल, असं तो हळू आवाजात सांगत राहिला. बिभीषण जमिनीकडं बघत होता. मग चुलता म्हणाला, “राग येऊ देऊ नको. पन नाव बदलून टाका. कुनाच्या डोळ्यांत यायला नको. तुमालाबी सुखाचं.”

बिभीषणानं मान डोलावली. डॉक्टरांनी कसं लागलं विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं की नाचणाऱ्यांच्या गर्दीत धक्का लागला.

मास्तर दवाखान्यात होते तेवढ्यात त्यानं पेंटरला बोलावलं. टेम्पोवर, ढोलावर, पाटीवर नवं नाव आलं, जय कानिफनाथ ब्रास बँड. कानिफनाथांची मढी जवळच, नाथाचं नाव सगळ्यांना चालतं, असा त्याचा हिशेब. राम म्हणाला, मास्तरांना येऊ दे की. बिभीषण म्हणाला, तिथी निघून चालल्यात.

बँडाच्या लाल कोटांच्या पाठीवर जुनं नाव पिवळ्या दोऱ्यानं भरलेलं होतं. बिभीषणाची बायको सुकन्या ओट्यावर ते उसवत बसली. दोरा निघाला, पण त्याच्याखालचं कापड उन्हात विटलं नव्हतं, म्हणून अक्षरं गडद लाल दिसतच राहिली. तिनं सासूला दाखवलं. लंकाबाई म्हणाली, वरून ठिगळ लाव. सुकन्यानं ठिगळ लावून त्यावर नवं नाव शिवलं.

मास्तर घरी आले तेव्हा टेम्पो दारातच होता. ते उभे राहून वाचत होते. ओठाला टाके, तोंडाला पट्टी, बोलता येत नव्हतं. वाचून झाल्यावर त्यांनी हातानं पाणी मागितलं आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजले.

टाके निघाल्यावर एका संध्याकाळी ते बोलले. दात नसल्यानं शब्द फुसफुसत यायचे.

“मला इचारायचं तरी.”

“इचारलं अस्तं तर तुमी न्हाई म्हनला अस्ता, आबा.”

“व्हय. म्हनून तर इचारायचं अस्तं.”

त्यापुढं त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत. डॉक्टरांनी फुंकायला मनाई केली होती. ओठाचं कारण होतंच, शिवाय रक्तदाब चढलेला होता आणि गोळ्या वाढवल्या होत्या. मास्तर दिवसभर कॉर्नेट पुसत बसायचे, पण तोंडाला लावायचे नाहीत.

नाताळ आठवड्यावर आला तेव्हा वस्तीवरच्या चर्चचे पाळकसाहेब आले. पहाटेच्या फेरीला बँड दरवर्षीच असायचा. सांगायला म्हणून कुणी येत नसे. या वर्षी ते विचारायला आले, यावरूनच त्यांच्या कानावर काय आलं ते कळत होतं. बिभीषणानं त्यांना चहा दिला आणि सांगितलं की त्या दिवसाची शिर्डीची ऑर्डर घेतली आहे, एका मोठ्या हॉटेलची.

ऑर्डर खरी होती. पण ती त्यानं शोधून काढली होती. तिसगावात ठिगळ लावलेले कोट घालून चर्चच्या फेरीत फिरायचं म्हणजे सगळं उघड्यावर येणार आणि लग्नसराई जाणार, असं त्याला वाटत होतं. शिर्डीत ओळखणारं कुणी नव्हतं. पाळकसाहेबांनी चहा संपवला, मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि ते गेले.

मास्तरांनी मग विचारलं, “शिर्डीला काय वाजवनार?”

“नाताळचंच,” बिभीषण म्हणाला. “त्यांना तेच पायजे.”

बिभीषण उठून टेम्पोचं पाणी बघायला गेला.

चोवीस तारखेला दुपारी बँड निघाला. नाताळपासून नव्या वर्षापर्यंत शिर्डीत पाय ठेवायला जागा नसते. हॉटेल रस्त्यापासून आत होतं. दारात प्लास्टिकचं झाड, कापसाचा बर्फ, सोनेरी गोळे. मॅनेजरनं सगळ्यांना पांढऱ्या गोंड्याच्या लाल टोप्या दिल्या आणि फलकावर लिहायला बँडाचं नाव विचारलं. बिभीषणानं सांगितलं. मॅनेजर हसला. ख्रिसमसच्या फलकावर हे कसं दिसेल, तो म्हणाला, आणि त्यानं स्वतःच लिहून टाकलं, ‘शिर्डी ख्रिसमस बँड’. राम फलकाकडं बघून म्हणाला, एका महिन्यात दोन बारशी झाली आपली.

संध्याकाळी हिरवळीवर सुरतेची, हैदराबादची कुटुंबं जमली. दर्शन करून आलेल्यांच्या कपाळावर टिळे होते. बँडानं मोबाईलवर ऐकून बसवलेल्या इंग्रजी चाली वाजवल्या. त्या लवकर संपल्या. मग बिभीषणानं लहानपणापासून वाजवत आलेली एक मराठी चाल धरली, गव्हाणीतल्या बाळाला जोजवण्याची, संथ. मॅनेजर लगबगीनं आला आणि हातानं दाखवू लागला, जोरात, जोरात, लोक झोपतील. बिभीषणानं रामाकडं बघितलं. रामानं लग्नातला ठेका धरला आणि ती चाल त्या ठेक्यावर पळवली. पोरं नाचायला लागली. एका बाईनं बिभीषणाबरोबर फोटो काढून घेतला.

सकाळी न्याहारीला पुन्हा वाजवायचं होतं. बिभीषणाचा फोन टेम्पोतच राहिला होता. चालू गाण्यात रामाच्या खिशातला फोन दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा वाजल्यावर त्यानं ढोलाचं टिपरू काखेत धरून फोन कानाला लावला. ढोल थांबला तसे बाकीचेही एकामागून एक थांबले. राम बिभीषणाजवळ आला आणि त्यानं सांगितलं की मास्तर फेरीत पडले, त्यांना नगरला नेलंय, सुकन्या रडतीय.

मॅनेजर म्हणाला, ज्याला जायचं त्यानं जावं, पण बाकीच्यांनी न्याहारी संपेपर्यंत वाजवावं. बाकीचे थांबले. बिभीषण आणि राम टेम्पो घेऊन निघाले. राहुरीपर्यंत रस्त्यात ट्रक, खड्डे, पालख्या घेऊन शिर्डीकडं चालत निघालेली माणसं. गाडी पुढं सरकता सरकेना.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पाळकसाहेब आणि वस्तीवरची माणसं उभी होती. बिभीषण आल्यावर त्यांनी वाट दिली. त्याच्या लक्षात आलं की पाठीवर नवं नाव असलेला कोट अंगावरच आहे. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हाही सरळ वळून न जाता आडवा आडवाच गेला.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवं अंग गेलं होतं आणि वाचा गेली होती. कॉर्नेटच्या कळा दाबणारा उजवा हात चादरीवर कुणी विसरून गेल्यासारखा पडलेला होता. बिभीषणानं डॉक्टरांना विचारलं, फुंकल्यामुळं झालं का. डॉक्टर म्हणाले, दाब फार चढला होता, कधीही झालं असतं, फुंकल्यानंच झालं असं सांगता येणार नाही. फुंकल्यानं नाहीच झालं, असंही ते म्हणाले नाहीत.

लंकाबाई बाकावर बसली होती. ती रडत नव्हती. बिभीषण तिच्याजवळ खाली बसला तेव्हा तिनं सगळं सांगितलं. पहाटे लोक काठीला चांदणी बांधून जमले. बँड नव्हता म्हणून ढोलकी आणि टाळ घेतले. मास्तर शाल पांघरून चालत होते. ओढ्याजवळ आल्यावर त्यांनी शालीतून कॉर्नेट काढलं. ती नको म्हणाली, पाळकसाहेब नको म्हणाले. मास्तरांनी मुखनळी ओठाच्या एका कडेला लावली, जिथं दात शाबूत होते तिथं. पहिली ओळ फाटली. पोरं हसली.

“दुसरी ओळ बरुबर आली,” लंकाबाई म्हणाली. “एकदम पयल्यासारखी. मान्सं गायची थांबली ऐकायला. मग खाली बसले. मला वाटलं दम लागला.”

“कुठली चाल हुती, आई?”

“तुला सांगून काय करू,” ती म्हणाली, आणि पदर सावरून आत नवऱ्याजवळ गेली.

मास्तरांना घरी आणलं. पुढचे काही आठवडे सुकन्या त्यांना चमच्यानं पेज भरवायची, अर्धी गळ्यावर ओघळायची. त्यांची नजर शाबूत होती. बिभीषण समोर आला की ते त्याच्याकडं बघायचे, आणि त्या बघण्यात राग आहे, माफी आहे की नुसतं बघणंच आहे, ते त्याला ओळखू येत नव्हतं. एकदा कुणी नाही असं बघून तो त्यांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला की पाटी पुन्हा रंगवतो, जुनंच नाव घालतो. मास्तरांनी डोळे मिटले. ते ऐकून मिटले की झोपेनं, तेही कळलं नाही. पाटी त्यानं रंगवली नाही. लग्नाच्या ऑर्डरी घेतलेल्या होत्या आणि घरात दुखणं होतं.

फेब्रुवारीत मास्तर गेले. दफनाला सगळा बँड आला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी कोट न घालता, घरच्या कपड्यांत, आपापली वाद्यं घेऊन आले. रामानं ढोलावरच्या नावावर धोतराचं पान गुंडाळलं होतं. खड्ड्याजवळ पेटी ठेवल्यावर बिभीषणानं कॉर्नेट वर घेतलं. लंकाबाईनं त्याचं मनगट धरलं.

“आज नको.”

“आई, आबांचा बँड हाय ह्यो.”

“मंग नाव सांग त्याचं,” ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. बिभीषणाचं तोंड उघडलं. जुनं नाव घ्यायची लाज वाटली आणि नवं घ्यायचीही. रामानं गळ्यातला ढोल काढून बाभळीखाली ठेवला, मग बाकीच्यांनीही वाद्यं खाली ठेवली. लोकांनी नुसत्या गळ्यावर गीत म्हटलं. वाऱ्यानं आवाज इकडं तिकडं जात होता. मग माती टाकली.

उन्हाळ्यातली लग्नाची तिथ कशीबशी गेली. नव्या नावानं ऑर्डरी वाढल्या नाहीत की घटल्या नाहीत. पहिल्याच लग्नात यजमानानं दारात स्वागत करताना विचारलं, तुमी ते बेतलेमवालेच ना, मास्तर कुठं हायेत. सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. ज्यांना खुपायचं त्यांना खुपत होतं, बाकीच्यांना कॉर्नेट हवं होतं. बिभीषण वाजवायचा, पण लांबचा सूर धरताना त्याचा श्वास मध्येच तुटायचा. लोक डीजेकडं वळत होतेच. गणपतीत एकच काम मिळालं. दसरा झाल्यावर बँडातले तिघे ऊसतोडीला गेले, राम कारखान्यावर लागला. वाद्यं पोत्यांत बांधून माळ्यावर गेली. टेम्पोवरचं नाव बिभीषणानं रंगवून काढलं आणि त्याच्या जागी काहीच लिहिलं नाही. तो कांदा घेऊन नगरच्या मार्केटला जाऊ लागला.

पुढच्या नाताळाआधी पाळकसाहेब पुन्हा घरी आले. या वेळी त्यांना वाजवणारं कुणी नको होतं. तरुण पोरांनी गाणी मोबाईलवर उतरवून घेतली होती, स्पीकर भाड्यानं आणला होता. तो ठेवायला टेम्पो मिळेल का, एवढंच त्यांनी विचारलं. बिभीषणानं हो म्हटलं.

पंचवीस तारखेला पहाटे तो टेम्पो घेऊन वस्तीवर गेला. पोरांनी स्पीकर बांधला. लंकाबाईच्या गुडघ्यांना चालणं होत नव्हतं, म्हणून तिला मागं स्पीकरशेजारी गोधडीवर बसवलं. सुकन्या माणसांत चालत होती. थंडी फार होती. बिभीषणानं काचा वर घेतल्या, गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली आणि लोकांच्या पुढं हळूहळू निघाला. मागं रेकॉर्डवरची गाणी वाजत होती. त्यांत कुठल्या कुठल्या शहरातले सफाईदार आवाज होते, आणि त्यांच्याखाली वस्तीच्या माणसांचं गाणं नीट ऐकू येत नव्हतं.

ओढ्याजवळ उतार आला आणि गाडी जरा पळाली. मागच्या काचेवर टकटक झाली. त्यानं थांबून दार उघडलं आणि मागं बघितलं. चांदणीची काठी धरलेली माणसं धुक्यात बरीच लांब राहिली होती.

“हळू चालव,” लंकाबाई म्हणाली. “मान्सं मागं ऱ्हायली.”

“व्हय,” तो म्हणाला. माणसं जवळ येईपर्यंत तो इंजिन चालू ठेवून बसून राहिला.